फ्लॅट मी घेतेय, माझा भाऊ नाही

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. गोव्यात पर्वरीपासून फोंड्यापर्यंत जिथे जिथे फ्लॅट बघायला गेले, तिथे पहिला प्रश्न बजेटचा नसतो, किती खोल्या हव्यात हाही नसतो. "सोबत कोण आलंय?" कोणी नाही आलेलं. मी आलेय. पगार माझा, साठवलेले पैसे माझे, हप्ता माझ्या खात्यातून जाणार. अजून कोण यायला हवंय?

एकदा भावाला घेऊन गेले, कारण गाडी त्याच्याकडे होती. तो माझ्यापेक्षा लहान, त्याला त्या फ्लॅटशी काही देणंघेणं नव्हतं. साइट ऑफिसमधल्या मुलाने टेबलावर नकाशा पसरला तो त्याच्याकडे तोंड करून. पार्किंग, मेन्टेनन्स, पाण्याची टाकी, सगळं "सर, सर" करत त्याला सांगितलं. माझ्या वाट्याला एक वाक्य आलं: "म्याडम, किचनचा ओटा एल शेपचा आहे, तुम्हाला आवडेल." मी विचारलं, ब्रोशरवर ९२ चौरस मीटर छापलंय, त्यात कार्पेट, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायची जागा, किती? उत्तर पुन्हा भावाला. "सर, ते सुपर बिल्ट-अप आहे, पण तसा काही फरक पडत नाही." फरक पडत नाही? सुपर बिल्ट-अप म्हणजे भिंती, जिना, लॉबी सगळं धरून. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याखाली कार्पेट एरिया सांगणं बिल्डरला बंधनकारक आहे, आणि त्यात बाल्कनी धरायची नसते. खोदून खोदून विचारल्यावर आकडा बाहेर आला, ६४. भाऊ शेवटी वैतागून म्हणाला, "अहो, घर ताई घेतेय, तिच्याशी बोला ना." दोन मिनिटं बोलला माझ्याशी. मग परत "सर".

त्याच माणसाने पुढे सांगितलं, आधी २५ टक्के भरा, करारनाम्याचं मग बघू. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करारनामा करून तो रजिस्टर केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घेताच येत नाहीत. मी तसं म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्याडम, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं म्हणजे? मला वाचता येतं. एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, बघितला, जमीन बिगरशेती केल्याची सनद मागितली, कर्जाचा बोजा आहे का ते तपासायला वकील दिला. बाईने कागद मागितले की ती भांडखोर, आणि पुरुषाने मागितले की तो व्यवहाराला पक्का. हे किती दिवस चालवून घ्यायचं?

आता नातेवाईक. "लग्न झाल्यावर त्या फ्लॅटचं काय करशील?" हे विचारण्यात सगळे पटाईत. पण लग्न आणि घर यांचा गोव्यात जो खरा संबंध आहे, तो यांच्यापैकी एकानेही मला सांगितला नाही. आपल्याकडे लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, लग्नाआधी घेतलेलीसुद्धा. म्हणजे आज मी पोटाला चिमटा काढून घेतलेलं घर उद्या अर्धं नवऱ्याचं, आणि विकायचं तर त्याचीही सही लागणार. नको असेल तर तो करार लग्नाच्या आधीच व्हायला हवा, नंतर जाग येऊन उपयोग नाही. हे मला वकिलाकडून कळलं. इतक्या मावश्या, इतके काका, दर चतुर्थीला माझ्या लग्नाची काळजी वाहणारे, त्यांना एवढं सांगता आलं नाही?

आणि "बापाचं घर आहेच की, तुला कशाला वेगळं?" हे तर मी ऐकूनच घेणार नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून गोव्यात मुलीला मुलाइतका वाटा आहे. उरलेल्या देशात, काही राज्यं सोडली तर, हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळायला २००५ साल उजाडलं. कागदावर आपण एवढे पुढे, आणि प्रत्यक्षात? बहिणींना नटूनथटून नोटरीकडे नेतात, हक्कसोडपत्रावर सह्या घेतात आणि येताना हॉटेलात जेवायला घालतात. माझ्या आत्याने अशीच सही केली. लग्न केलं नाही, जन्मभर त्या घराचं केलं, आणि आता डिचोलीच्या त्याच घरात मागच्या खोलीत राहते. पंखा लावला तरी वहिनी वर बघते. मला कशाला वेगळं घर हवं, हे त्या खोलीत जाऊन विचारा.

म्हापशाला एक जुना फ्लॅट आवडला होता. उजेड छान, बाजार जवळ. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यातच गाठलं. "बाय, घोव खंय आसता?" नवरा नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, रात्री-अपरात्री येणारंजाणारं कोणी आहे का. त्याच बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट पर्यटकांना भाड्याने दिलेले. दर शुक्रवारी नवीन चेहरे, जिन्यात ट्रॉली बॅगांचा खडखडाट, मध्यरात्रीपर्यंत गाणी. त्यांना कोणी विचारत नाही घोव खंय. जन्म इथे, शाळा इथे, मतदान इथे, तरी चौकशी माझी.

आणि सगळ्यात जास्त संताप बँकेचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मान्य. उरलेले २० टक्के आणि वर स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, सगळं मी जमवलंय. हप्ता पगारात आरामात बसतो. तरी साहेब म्हणतात, "को-ॲप्लिकंट म्हणून वडिलांना घ्या, नाहीतर भावाला." वडील निवृत्त शिक्षक, वय ७१. त्यांची पेन्शन माझ्या हप्त्याहून कमी. त्यांच्या सहीने बँकेला कसला आधार मिळणार आहे? माझ्याच ऑफिसमधल्या, माझ्याच पगाराच्या, अविवाहित मुलाला ह्याच शाखेने एकट्याच्या नावावर कर्ज दिलं. त्याला नाही विचारलं वडील कुठे म्हणून. बाहेर भिंतीवर मोठं पोस्टर, महिलांना व्याजात ०.०५ टक्के सवलत. नको मला ती सवलत. आधी मला कर्जदार म्हणून मोजा.

कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा, म्हटलं. "नियम असा नाही, पण पद्धत आहे." मग ती पद्धत लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यासह द्या. ते ऐकून साहेब कॉम्प्युटरमध्ये बघायला लागले. अर्ज करून पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे, आणि एकटीच जाणार आहे.