एकच अल्बम काढला म्हणजे बँड फसला?

वडसा-ब्रह्मपुरीकडच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या, आमच्या गटांवर मंडईच्या (दिवाळीनंतरच्या नाटकांच्या जत्रेच्या) दिवसांपासून एक मेसेज फिरतो आहे. सारांश असा: न्यू रॅडिकल्स या अमेरिकी बँडचं १९९८ साली एक गाणं गाजलं, हवा डोक्यात गेली, मोठ्या गायकांना शिव्या देऊन नाव कमावलं, दुसरा अल्बम जमला नाही आणि सगळे विस्मरणात गेले. पोरांनो, सातत्य ठेवा! झाडीपट्टीच्या नाटकात एखादा सीझन ऑर्गन वाजवून थांबलेल्या पोरांना हा मुद्दाम पाठवला जातो, म्हणून उत्तर देतोय.

हवा डोक्यात गेली म्हणे. गाणं, लेखन, निर्मिती असं बँडचं जवळजवळ सगळंच ग्रेग अलेक्झांडर या एकाच माणसाकडे होतं. त्याचे स्वतःच्या नावाचे दोन अल्बम १९८९ आणि १९९२ साली येऊन आपटले होते. ‘मेबी यूव्ह बीन ब्रेनवॉश्ड टू’ हा बँडचा एकुलता अल्बम म्हणजे त्याचा तिसरा प्रयत्न. सातत्य आणखी कोणतं हवं?

शिव्यांचं अर्धं खरं आहे. ‘यू गेट व्हॉट यू गिव्ह’ या त्या गाजलेल्या गाण्याच्या शेवटी बेक, हॅन्सन, कोर्टनी लव्ह आणि मॅरिलिन मॅन्सन यांना तो डिवचतो. पण त्याच्या लगेच आधी आरोग्य विम्यातली लूट आणि बँकांची लबाडी येते. लोक कशावर बोलतात ते बघायचं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. लोक नावांवरच बोलले, आणि हा मेसेजही तेच करतो. पुढे हॅन्सन भावंडांच्या २००४ च्या अल्बममधलं एक गाणं त्यानेच त्यांच्यासोबत लिहिलं, हे मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

दुसरा अल्बम ‘जमला नाही’ हे तर साफ चूक. जुलै १९९९ मध्ये त्याने बँड बंद केला तेव्हा दुसरं सिंगलही (अल्बममधून वेगळं काढलेलं गाणं) बाजारात आलं नव्हतं. रोज नवं हॉटेल, तीन तासांची झोप, वर रेडिओवाल्यांशी गोड बोलणं. हे आपल्याला नको, गाणी लिहायची आणि बनवायची आहेत, असं त्याचं कारण होतं. झाडीपट्टीत हे समजावून सांगावं लागू नये. रात्रभर प्रयोग, पहाटे गाडीत डुलकी, संध्याकाळी दुसऱ्या गावचा मंडप. हे सोडून घरी बसून चाली बांधणाऱ्याला आपण पळपुटा म्हणतो का बापा?

आणि विस्मरण? रोनन कीटिंगचं ‘लाइफ इज अ रोलरकोस्टर’ २००० साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याचा सहलेखक हाच. सँटाना आणि मिशेल ब्रँच यांच्या ‘द गेम ऑफ लव्ह’ला ग्रॅमी मिळालं, तेही याच्याच लेखणीतलं. सोफी एलिस-बेक्स्टरचं ‘मर्डर ऑन द डान्सफ्लोअर’ २००१ साली गाजलं आणि २०२४ च्या सुरुवातीला, एका चित्रपटामुळे, पुन्हा ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आलं. ‘लॉस्ट स्टार्स’ला ऑस्कर नामांकन होतं. या दोन्ही गाण्यांचा सहलेखकही हाच.

अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. शीर्षकगीत मला आजही भरकटलेलं वाटतं, आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत बँडचं एकच गाणं चढलं, तेही ३६ व्या क्रमांकापर्यंत.

२० जानेवारी २०२१ ला, बायडन यांच्या शपथविधीच्या दिवशी, ही मंडळी त्याच गाण्यासाठी पुन्हा एकत्र आली. दुसरा अल्बम मात्र काढला नाही. मेसेजमधलं तेवढं बरोबर आहे.