हरकत असेल तर हरकत नाही

आपल्या गावाचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे पुढे कुठे घरं, कुठे रस्ते, कुठे उद्यान याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाला, अभिनंदन! तुम्हाला पत्ताच नसेल तर दोष तुमचा. राजपत्रात आलं होतं की. सकाळच्या चहाबरोबर राजपत्र न वाचणारे आपण, मग पालिकेला नावं ठेवतो. वर्तमानपत्रातही जाहीर सूचना होती, नावात बदल आणि 'सातबारा गहाळ' यांच्या मधे, मुंगीच्या अक्षरात. 1966 च्या नगररचना कायद्याने हरकती-सूचनांसाठी तुम्हाला तब्बल 30 दिवस दिलेत. त्यातले निम्मे हे कळण्यातच गेले. चालायचंच.

आधी नकाशा पाहून या. तो जिन्यात, कपाटामागे अर्धा झाकून लावलेला असेल. स्वतःचं घर शोधायच्या भानगडीत पडू नका, मान आखडते. नुसते रंग बघा. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. मागच्या नकाशात हिरवं असलेलं ओढ्याकाठचं रान या वेळी पिवळं दिसलं तर दचकू नका. माणूस पिवळा पडला तर कावीळ, जमीन पिवळी झाली तर दिवाळी. कुणाची, हे विचारणं असभ्यपणाचं. ते रान गेल्याच वर्षी कुणी घेतलं, हे तर त्याहून.

आता हरकत लिहा. गट नंबर, भाग नकाशा, रस्त्याची रुंदी असला रुक्ष मजकूर टाळा. तो ज्यांना लिहायचा असतो त्यांचे आर्किटेक्ट लिहितात. तुम्ही भावना लिहा. 'आमच्या वॉर्डावर घोर अन्याय झाला आहे' हे वाक्य कुठल्याही वॉर्डाला चालतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा, चारशे जणांच्या सह्या घ्या आणि गठ्ठा आवक-जावकच्या टेबलावर आपटून फोटो काढा. पोहोच घ्यायला विसरलात तरी चालेल, फोटो आहे ना.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 साली सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या आणि पुढे 2015 मध्ये सरकारने तो आराखडाच आपल्या हातात घेतला. मुंबईच्या आराखड्यात 2015 साली इतक्या चुका निघाल्या, की लोकांच्या ओरडीनंतर मुख्यमंत्र्यांना तो परत पाठवावा लागला. नवा मंजूर व्हायला 2018 उजाडलं. म्हणजे हरकतींनी कधीकधी फरक पडतो. पण असली उदाहरणं फार मनावर घेऊ नका, सवय लागते.

सुनावणीचं पत्र आदल्या दिवशी संध्याकाळी येईल. समितीत पालिकेचे तीन जण आणि चारपर्यंत तज्ज्ञ. बाकावर तीन तास बसल्यावर तुमचा नंबर लागेल. तुमच्या आधीचे पांढऱ्या शर्टातले गृहस्थ वकील आणि रंगीत ड्रॉइंग घेऊन आत वीस मिनिटं बसतील. तुम्हाला दोन मिळतील. 'नोंद घेतली' असं ऐकू आलं की नमस्कार करून निघा. कुठे घेतली, ते विचारू नका.

आणि समजा, खरंच जिंकलात! आराखड्यात उद्यानासाठी राखून ठेवलेल्या जागेचं आरक्षण उठवायचा घाट होता, तो तुमच्या गठ्ठ्याने हाणून पाडला. पेढे वाटा, फ्लेक्स लावा. आणि नंतर अगदी काहीही करू नका, ही माझी कळकळीची विनंती. कारण आरक्षण म्हणजे उद्यान नव्हे, नकाशावरचा हिरवा चौकोन फक्त. जमीन विकत घ्यायला पैसे लागतात आणि पालिकेकडे ते स्वागत कमानीसाठी असतात. दहा वर्षं तशीच जाऊ द्या. मग जागामालक त्याच कायद्याच्या कलम 127 ची नोटीस देईल, 'जागा घ्या, नाहीतर सोडा' अशी. पालिकेच्या हातात आणखी 24 महिने. त्यात संपादनाची पावलं उचलली नाहीत, की आरक्षण आपोआप संपतं आणि आजूबाजूला जे बांधायला चालतं ते तिथेही चालतं. या टप्प्याला तुमच्या हरकती मागवत नाहीत, तेवढाच तुमचा त्रास वाचतो. ज्यांना हा चौकोन नकोय त्यांनी म्हणूनच तुमच्याशी कधी वाद घातला नाही. पेढासुद्धा खाल्ला.

मधल्या काळात एखादा निवृत्त मास्तर दर वर्षी बजेटच्या वेळी उठून 'उद्यानाच्या संपादनासाठी तरतूद किती?' असं विचारेल. त्याला तुम्हीच खाली बसवा. चांगल्या कामात खोडा घालणारे असतातच.

हरकतीची झेरॉक्स मात्र जपून ठेवा, लॅमिनेट केलीत तर उत्तम. वीस वर्षांनी आराखडा पुन्हा सुधारायचा असतो. मजकूर तोच चालेल. तारीख बदला, आणि सहीला नातवाला पाठवा.