डोळ्यांची उघडझाप बघून काय होणार?

डीपफेकवरचा, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या व्हिडिओ-आवाजांवरचा, एक लेख वाचला. त्यात ते ओळखायची युक्ती दिलीय: माणूस डोळ्यांची उघडझाप करतो का ते बघा. अहो, ही २०१८ सालची खूण! ती जाहीर झाली आणि बनवणाऱ्यांनी ती उणीव केव्हाच भरून काढली. शिवाय फोनवर डोळे कुठून बघणार? मायक्रोसॉफ्टच्या वॅल-ई या एआय प्रणालीने २०२३ मध्येच तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करून दाखवली होती. आपण तर फॅमिली ग्रुपवर लांबलचक व्हॉइस मेसेज टाकतो, म्हणजे कच्चा माल घरपोच.

हाँगकाँगचं अरुप या इंजिनिअरिंग कंपनीचं प्रकरण घ्या. कर्मचाऱ्याला आधी आलेल्या मेलचा संशय आला होता. पण व्हिडिओ कॉलवर सीएफओ (कंपनीचे अर्थप्रमुख) आणि ओळखीचे सहकारी दिसले, नि त्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवर खरा तो एकटाच! कितीही निरखून बघितलं असतं तरी तो वाचला असता असं मला नाही वाटत. कॉल बंद करून साहेबांच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला असता तर कदाचित वाचला असता.

घरीसुद्धा तेच. 'बाबा, अपघात झालाय, पैसे पाठवा' असा मुलाचा आवाज आला की आधी फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर स्वतः लावायचा. रागावला तर रागावू दे. आणि पैसे गेलेच तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं, एवढं तरी लेखात यायला हवं होतं.