संविधान न उघडता घटनातज्ज्ञ व्हायचंय? या, बसा

घटनेवर मत असणं आता कंपल्सरी झालंय. सोलापूरच्या पार्क चौकात चहाचा कप हातात घेऊन कांद्याचा भाव, क्रिकेट आणि घटना या तिन्हींवर बोलता येत नसेल तर तुम्हाला कोण विचारणार ओ? भाव आणि क्रिकेटला निदान थोडी माहिती लागते, घटनेला तेवढी पण लागत नाही, फक्त आवाज लागतो. तो तुमच्याकडं आहे. बाकीचं मी सांगतो.

पहिलं म्हणजे पुस्तक घरात पाहिजेच. हल्ली लग्नात, रिटायरमेंटच्या सत्कारात शाल-नारळाऐवजी संविधानाची प्रत देतात, त्यामुळं विकत घ्यायची पण गरज नाही. आली की प्लॅस्टिकसकट शोकेसमध्ये उभी करायची. आहेरात आलेली चादर आपण जशी घडी न मोडता पुढच्या लग्नात देऊन टाकतो तशी ही पण पुढं सरकवता येते, फक्त आत कुणी पेनानं नाव टाकलंय का तेवढं बघून घ्या.

आता बोलायला सुरुवात करायची ती 'सगळं बाहेरून कॉपी केलंय' इथून. संसद इंग्लंडची, मूलभूत हक्क अमेरिकेचे, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडची, एवढं पाठ असलं तर समोरचा गार. पण ऐकणाऱ्यात एखादा वाचलेला निघाला तर जरा जपून, कारण हाच आरोप घटना समितीतच झाला होता आणि बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडतानाच त्याला उत्तर दिलं होतं. म्हणजे तुमचा मुद्दा घटना पास व्हायच्या आधीच शिळा झालाय. शिवाय तो वाचलेला माणूस हेही सांगेल की मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि त्यांच्यावर निर्णय घ्यावा लागला, आणि मग विचारेल की कॉपी करणाऱ्याला एवढी झिगझिग कशाला लागती? तो एवढं बोलला की लगेच चहाचे पैसे द्यायच्या निमित्तानं उठायचं.

दुसरा हुकमी एक्का, 'आरक्षण दहा वर्षांसाठीच होतं'. हे वाक्य कुठंही चालतं, हॉलमध्ये, रेल्वेत, मयतीला सुद्धा. यात अडचण एकच आहे. दहा वर्षांची मुदत कलम 334 मध्ये आहे आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची आहे, ती वाढवत वाढवत आता 2030 पर्यंत नेलीय. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला, म्हणजे 15 आणि 16 व्या कलमांना, असली मुदत कुठंच लिहिलेली नाही. पण हे तुम्हाला माहीत झालं तर तुमचं वाक्य जाईल, आणि वाक्य गेलं तर तुमच्याकडं राहिलं काय? तेव्हा 334 कडं फिरकायचंच नाही.

'हिंदी आपली राष्ट्रभाषा, घटनेत लिहिलंय' हे मात्र पूर्व भागात जाऊन बोलू नका. तिथं एका गल्लीत सकाळी तेलुगू, दुपारी कन्नड, संध्याकाळी मराठी आणि भांडणात दखनी असं चालतं. घटनेत राष्ट्रभाषा असा प्रकारच नाही, 343 मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे एवढंच, आणि आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, त्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या आल्या.

कलम हा शब्द आला की आकडा फेकायचा, कुठला का असेना. 302, 420, जो सुचेल तो. घटनेचं 302 कलम व्यापारावर निर्बंध घालायच्या संसदेच्या अधिकाराबद्दल आहे, खुनाशी त्याचा काय संबंध नाही, आणि 420 तर तिथं नाहीच, आकडे 395 ला संपतात. ते सगळे आकडे जुन्या दंडविधानातले, आणि तो कायदासुद्धा 1 जुलै 2024 पासून बदलला. पण आपल्याला कोर्टात जायचंय का? चौकातच बोलायचंय.

मूलभूत कर्तव्यं हा भाग दुसऱ्यांसाठी आहे हे पक्कं ध्यानात ठेवा. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं 51क कलम आलं, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवायला पण सांगितलंय. ते शेजाऱ्याला ऐकवायचं, आणि मग आपल्या नवीन गाडीला लिंबू-मिरची बांधायला जायचं.

हक्क मात्र आपले. कुणी व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं की '19 कलमानं दिलेलं माझं अभिव्यक्ती स्वातंत्र्य' म्हणून दुसऱ्या ग्रुपवर बोंब मारायची. 19 हे सरकारनं तुमचं तोंड दाबू नये म्हणून आहे, तुमच्या साडूनं ग्रुपमधून उडवलं तर त्याला सुप्रीम कोर्ट काय करणार? पण जिथं खरंच सरकारशी गाठ पडती तिथं मात्र घटना एकदम विसरायची, हे फार महत्त्वाचं आहे. रात्री कुणाला चौकशीला म्हणून उचललं, तर 22 वं कलम सांगतं की का पकडलं ते सांगायला पाहिजे, वकिलाशी बोलू द्यायला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला पाहिजे. 20 वं सांगतं की गुन्ह्याचा आरोप असलेल्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. असल्या वेळी हे बोलायचं नाही ओ. असल्या वेळी ओळखीचा माजी नगरसेवक शोधायचा.

आणि हे कुठं, तर आपल्या गावात. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ लागला होता, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. तेव्हा ना जगण्याच्या हक्काचं 21 वं कलम होतं, ना सुप्रीम कोर्टात दाद मागायला 32 वं. दरवर्षी 12 जानेवारीला पुतळ्याला हार घालायचा, पुढं गड्ड्याच्या यात्रेत पोरांना पाळण्यात बसवायचं, मग 26 ला झेंडा, जिलेबी. एका महिन्यात सगळं उरकतं. मधल्या दिवसात पुस्तक उघडायला वेळ कुठंय?

घटना बदलता येते का, हा प्रश्न आला तर आधी समोरचा कुठल्या पार्टीचा ते बघायचं आणि मग उत्तर द्यायचं. एका बाजूचे म्हणतात हात लावू देणार नाही, दुसऱ्या बाजूचे म्हणतात बहुमत आलं की सगळं शक्य आहे. 2023 पर्यंत 106 दुरुस्त्या झाल्यात, सगळ्याच पार्ट्यांनी केल्यात. आणि 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांच्या पीठानं 7 विरुद्ध 6 असा निकाल दिला की दुरुस्ती करा पण मूळ ढाचा मोडायचा नाही. म्हणजे दोघंही अर्धवट. आता एवढं बारीक बोलत बसलं तर भांडण कसं रंगणार?

एका पानापासून मात्र जिवावर उदार होऊन लांब राहायचं, ते म्हणजे 74 वी दुरुस्ती. 1993 ला लागू झाली. दिल्लीच्या गप्पा मारून कुणाचं काय वाकडं होत नाही, पण हिच्यात आपल्या गल्लीचं लिहिलंय. बाराव्या अनुसूचीत 18 कामं आहेत, जी राज्याला कायदा करून महापालिकेकडं देता येतात : रस्ते, पूल, घरगुती वापराचं पाणी, दिवाबत्ती, स्मशानं, जन्म-मृत्यूची नोंद, कोंडवाडे सुद्धा. म्हणजे आपण ज्याच्यासाठी नगरसेवकाला दिवाळीचा फराळ पोचवतो ते घटनेत छापून आलंय! आणि 243प वाचलं तर अजून डोकं फिरेल. तिथं लिहिलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याच्यापेक्षा जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत नवीन निवडणूक व्हायला पाहिजे. आपल्याकडं 2017 ला मतदान झालं, 2022 ला मुदत संपली आणि राज्यातल्या कितीतरी महापालिकांसारखा इथं पण प्रशासक बसला. कारणं भरपूर होती, ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्टातल्या तारखा. वर्षामागून वर्षं गेली, 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं गाडी हलली. एवढ्या काळात 'घटना धोक्यात आहे' आणि 'घटना बदलणार' यावर चौकात दोन-तीनदा हाणामारी व्हायची वेळ आली, पण 243प चं नाव कुणी काढलं नाही. याला म्हणतात तयारी.

तरी पण घरात एखादं कार्टं निघतंच. शाळेत रोज प्रास्ताविका म्हणून म्हणून त्याला पुढं काय लिहिलंय ते बघायची हुक्की येते, ते शोकेसमधलं प्लॅस्टिक फाडतं नाहीतर सरळ मोबाईलवर मराठी पीडीएफ उतरवून घेतं, फुकट मिळते ना. आणि जेवताना विचारतं, 'बाबा, पाणी बाराव्या अनुसूचीत आहे, मग उजनी धरण भरलेलं असताना आपल्या नळाला रोज का येत नाही?' घाबरायचं नाही. चिडायचं पण नाही. आज पाण्याचा दिवस आहे का बघायचं, असला तर म्हणायचं, 'लई हुशार झालास बे, जा आधी मोटर लाव आणि टाकी भरली का बघून ये.' आणि दिवस नसला तर टँकरवाल्याला फोन त्यालाच करायला लावायचा.