आंग्स्ट, अँग्स्ट आणि आपलं साकडं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा बारावीतल्या भाचीने एकच इंग्रजी शब्द टाकला: ‘अँग्स्ट’, म्हणजे मनाची अस्वस्थता. त्यावर आप्पामामांचं उत्तर ठरलेलं, “आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं.” मग एका चुलतभावाने तिची बाजू घेतली, पण ती अशी की मराठीत या भावनेला शब्दच नाही म्हणे.

मी हे स्टुटगार्टच्या ट्राममध्ये बसून वाचत होते. हा शब्द इंग्रजीने ज्या जर्मनकडून उचलला, त्या भाषेत ‘आंग्स्ट’ म्हणजे साधी भीती. कुत्र्याची असते, दाताच्या डॉक्टरची असते. घसरगुंडीवर अडून बसलेल्या माझ्या लेकीला बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, “काइने आंग्स्ट!” घाबरू नकोस, बस्स. इंग्रजीत जाताना मात्र शब्दाने कोट चढवला. तत्त्वज्ञ किर्केगार्दने 1844 मध्ये या शब्दाच्या डॅनिश भावंडावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, पुढे मनोविश्लेषक फ्रॉइड आला, आणि या मंडळींच्या भाषांतरांतून इंग्रजीत पोचेपर्यंत त्याचा अर्थ झाला कारण न सापडणारी, अस्तित्वालाच चिकटलेली अस्वस्थता. आता तो तिकडे वयात येणाऱ्या पोरांच्या कुरकुरीलाही लावतात, तोही बऱ्याचदा चिडवायला.

गंमत म्हणजे जर्मन डॉक्टर आजाराचं निदान लिहितात तेव्हाही तोच घरगुती शब्द वापरतात: ‘आंग्स्टष्टोरुंग’, म्हणजे चिंतेचा विकार. घसरगुंडीवरचा शब्द दवाखान्यातही चालतो, म्हणून कोणी आजाराला थेर म्हणत नाही. (निदान तोंडावर तरी नाही.)

या शब्दाच्या मुळाशी अरुंदपणा आहे. जर्मनमध्ये ‘एंग’ म्हणजे अरुंद, आणि वेदांतला ‘अंहस्’ (क्लेश) याच कुळातला. आपल्या ‘संकट’चाही संस्कृतातला एक अर्थ अरुंद, चिंचोळं. त्यातूनच आलेलं साकडं आपण देवाला घालतो. शिवाय धास्ती आहे, घोर आहे, हुरहुर आहे, जीव टांगणीला लागणं आहे. शब्द नाही कसा? चुलतभावाचं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. आप्पामामांचं तर त्याहून नाही. त्यांच्या वेळीही माणसं रात्र रात्र जागत होती, फक्त त्याला ‘पित्त’ म्हणायची. पण भाचीने इंग्रजी का निवडलं, ते कळतं. मराठीत ‘धास्ती वाटते’ म्हटलं की आई लगेच रडवेली होते. परका शब्द जरा लांब धरता येतो.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. मामांनी नुसता अंगठा टाकला. भाचीने वेगळा मेसेज केला, “मावशी, मग डॉक्टरांना काय सांगू?”

“पहाटे तीनला जाग येते, पोटात गोळा येतो आणि पुस्तक उघडवत नाही, हे सांग. शब्द त्या शोधतील.”