आधी शर्ट उलटा कर

फास्ट फॅशनच्या, म्हणजे झटपट काढलेल्या स्वस्त कपड्यांच्या, जाहिरातींवर बंदी आणू पाहणाऱ्या फ्रान्सच्या कायद्यावरून विषय निघाला आणि दिगूने सगळ्यांच्या आधी निकाल देऊन टाकला.

"जाहिराती बंद करून काय होणारे? स्वस्त मिळतंय तर घेऊ दे की लोकांना! मी एका दमात पाच शर्ट घेतो."

"आणि पाचांत मिळून एक कॉलर धड नाही," सुलू म्हणाली. शिवणीतलं तिच्याइतकं कट्ट्यावर कुणालाच कळत नाही, म्हणून ती बोलायला लागली की सगळे ऐकतात. दिगू सोडून.

"हे फुगे बघ कॉलरवरचे. आतलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं कापड, नुसतं चिकटवलेलं असतं. चिकटवताना उष्णता कमी पडली, किंवा धुतल्यावर कापड आटलं आणि बकरम नाही आटलं, की ते सुटतं. मग इस्त्री घासत बस. घेतानाच शर्ट उलटा करून बघायचा."

दिगू वरचं बटण काढायला लागला.

"अंगातला नाही रे, दुकानातला! बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे टाक्यापलीकडचं जास्तीचं कापड, किती सोडलीय ते बघ. एक सेंटिमीटर तरी हवी. तीन-चार मिलिमीटरवर कड गुंफून ओव्हरलॉक मारलेलं असलं की जरा ताण आला की कडेचे धागेच निसटतात, आणि परत शिवायला कापड उरत नाही. टाके मोज. इंचाला 12 च्या पुढे असले तर उत्तम. 7-8 असले तर समज, मशीन नुसतं पळवलंय."

"बटणं?" भाऊंनी विचारलं.

"मागे धाग्याचं टोक लोंबतंय का बघा. साखळीचा टाका असला तर टोक ओढलं गेलं की सगळा धागा सरसर निघतो. घरी आणल्या आणल्या सुईदोऱ्याने पक्कं करून टाकायचं."

"महागड्या कपड्यातही हेच असतं गं."

"असतंच! म्हणून तर किमतीची चिठ्ठी सोडा आणि शिवण बघा म्हणतेय."

हे वाक्य दुकानाच्या दारावर लावण्यासारखं आहे. दिगूने तेवढ्यात आपल्या टी-शर्टांचं गाऱ्हाणं काढलं: वॉशिंग मशीन पिळून टाकतं म्हणे.

"मशीनला कशाला बोल लावतोस? एकेरी विणीच्या धाग्यात पीळ जास्त असला आणि कापड न आटवता कापलं, की पहिल्या धुण्यातच ते तिरकं होतं. बाजूची शिवण बेंबीवर येते. आणि गोळे येतात ते आखूड तंतूंमुळे. सुतीवरचे गळून तरी पडतात. पॉलिएस्टरची भेसळ असली की ते चिवट तंतू गोळे सोडतच नाहीत."

"एवढा अभ्यास करून दुकानात जायचं म्हणजे परीक्षाच झाली."

"तू परीक्षेला तरी कुठे अभ्यास करून जायचास?" नान्या म्हणाला.

हशा ओसरल्यावर दिगू म्हणाला, "काही म्हणा, हे कपडे शिवणाऱ्या तिकडच्या गरिबांना काम तर मिळतं ना?"

सुलूचा आवाज बदलला. "2013 साली बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. 1100 हून जास्त माणसं गेली. काम मिळतं हे त्यांच्या घरी जाऊन सांग."

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने दिगूच पुटपुटला, "पॅंटचं सांग. मागून का फाटते?"

"तिथली शिवण गोलाईवर असते आणि वाकलं की सगळा ताण तिच्यावर येतो. साध्या टाक्याच्या शिवणीला फारसा ताण सोसत नाही, धागा तुटतो. तिथे दुहेरी शिवण लागते. घेताना दोन्ही बाजूंनी धरून ओढून बघ. मधे टाके उघडे दिसले तर ठेवून दे."

"त्या मॅचला ओढून बघितली असतीस तर आपण जिंकलो असतो," नान्याने जुना हिशेब काढला. "तू मागे हात लावून अर्ध्या खेळपट्टीत उभा!"

"मी क्रीजमध्ये पोचलो होतो. आउट नव्हतोच मी!"

"नव्हतास," सुलू म्हणाली. "पण पंचाला हसू आवरेना, बोट आपोआप वर गेलं."