हळद, खोबरेल आणि घट्ट पट्टी: पोपटाच्या सुजलेल्या पायाच्या मेसेजला उत्तर

मुंबईत पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: "पोपटाच्या तळव्याला फोड आला तर डॉक्टरकडे पैसे घालवू नका. खपली काढा, पू दाबून काढा, हळद-खोबरेल लावून घट्ट पट्टी बांधा. मेडिकलमधून अँटिबायोटिकची ५०० ची गोळी आणा आणि चिमूटभर पाण्यात टाका. दांडीला सँडपेपर गुंडाळा, पाय कडक होतील. सात दिवसांत पोपट ठणठणीत."

हा मेसेज काळजीपोटीच पुढे ढकलला जातो, हे मान्य. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना पायाचं नुकसान करणारी आहे, आणि सगळ्यात घातक सूचना अगदी शेवटी, सहज सांगून टाकलेली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

"दांडीला सँडपेपर गुंडाळा." पोपट बसत नाही, तो उभा असतो. चोवीस तास, झोपेतही. त्याचं सगळं वजन तळव्याच्या तेवढ्याशा जागेवर येतं. पिंजऱ्यासोबत मिळणारी दांडी गुळगुळीत, सरळ आणि सगळीकडे एकाच जाडीची असते, त्यामुळे दाब रोज त्याच ठिकाणी पडतो. पाय हलकेच उलटा करून उजेडात बघा. निरोगी तळव्यावर खसखशीएवढे बारीक उंचवटे दिसतात. दाब पडत राहिला की आधी हे दाणे झिजतात आणि तिथे गुलाबी, चकचकीत, सपाट ठिपका दिसू लागतो. दुखण्याची सुरुवात ही आहे, फोड नंतर येतो. अशा झिजलेल्या त्वचेवर सँडपेपर घासला की बारीक ओरखडे पडतात, विष्ठेतले आणि दांडीवरचे जंतू आत शिरतात. स्टॅफिलोकॉकस हा त्यातला नेहमीचा. सँडपेपरने नखंही म्हणावी तशी झिजत नाहीत, कारण नखाचं टोक दांडीला टेकतच नाही. टेकतो तो तळवा.

दांडी बदलायची तर पेरूची किंवा जांभळाची फांदी आणा, सालीसकट. रस्त्याकडेची, औषध फवारलेली नको. कण्हेरीची तर अजिबात नको, ती विषारी आहे. साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. जाडी एवढी हवी की बोटांचा वेढा दांडीच्या घेराच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भागापर्यंत जाईल आणि पुढची-मागची नखं एकमेकांवर चढणार नाहीत. बजरीगरला (चिमणीएवढा छोटा पोपट) साधारण १० ते १५ मिलिमीटर, कंठवाल्या पोपटाच्या आकाराच्या पक्ष्याला १५ ते २५. पिंजऱ्यात निदान तीन फांद्या ठेवा, वेगवेगळ्या जाडीच्या. त्यातली सगळ्यात वेडीवाकडी फांदी खाण्याच्या वाटीसमोर लावा, कारण पक्षी दिवसातला बराच वेळ तिथेच काढतो. पाय आधीच दुखत असेल तर एका फांदीवर स्वतःलाच चिकटणारं मऊ बँडेज गुंडाळा आणि मळलं की बदला. पक्षी ते कुरतडून गिळत असेल तर काढून टाका. आपल्याकडे पावसाळ्यात जून ते सप्टेंबर लाकूड नीट सुकतच नाही. त्यासाठी फांद्यांचे दोन जोड ठेवा, एक पिंजऱ्यात, दुसरा खिडकीच्या ग्रिलमध्ये ऊन-वारा खात.

मेसेजमध्ये खाण्याचा उल्लेखही नाही, आणि अर्धं कारण तिथे असतं. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे खाणाऱ्या पोपटाला अ जीवनसत्त्व फारच कमी मिळतं. त्याने त्वचा कोरडी आणि भेगाळ होते, जखम भरत नाही. वर त्याच बियांतल्या चरबीने वजन वाढतं आणि तळव्यावरचा भारही. गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, लाल सिमला मिरची हे रोज थोडं थोडं द्या. बिया एकदम बंद करू नका. हट्टी पक्षी उपाशी राहील, पण नवीन काही तोंडात घेणार नाही. दोन-तीन आठवड्यांत प्रमाण बदलत न्या. माणसांच्या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून देऊ नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही बाधतं.

"खपली काढा, पू दाबून काढा." माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, दाबला की वाहतो. पक्ष्याचा पू वाहत नाही. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी विकरं (एन्झाइम) पुरेशी नसतात, म्हणून तो सुकलेल्या पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो. दाबल्याने तो बाहेर येत नाही, आत सरकतो, आणि तळव्यात कातडीच्या लगेच खाली स्नायुबंध आणि हाड असतं. संसर्ग हाडापर्यंत गेला की उपचार आठवड्यांचे राहत नाहीत, महिन्यांचे होतात. दुसरी गोष्ट रक्ताची. १०० ग्रॅमच्या पक्ष्यात जेमतेम १० मिलिलिटर रक्त असतं. खपली ओढून एक मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब, रक्त गेलं तर तो त्याच्या एकूण रक्ताचा दहावा हिस्सा झाला. हा गोळा डॉक्टर भूल देऊन, कापून काढतात. घरी करायचं ते काम नाही.

"हळद-खोबरेल लावा." हळदीबद्दल आपल्याला जिव्हाळा आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिची भुकटी उघड्या जखमेत कचऱ्यासारखी अडकते आणि वर पिवळा रंग चढल्याने लाली वाढते आहे की कमी होते आहे, तेच कळत नाही. तेल त्याहून वाईट. पाय पोटाच्या पिसांत घेऊन झोपणाऱ्या पक्ष्याची पिसं तेलाने चिकटतात, अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही, आणि पिसं साफ करताना ते सगळं पोटात जातं. मेडिकलमधली खाज-गजकर्णाची क्रीम याच कारणासाठी नको. त्यातल्या कित्येकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी स्टेरॉइड असतात. पक्षी स्टेरॉइडला फार हळवे असतात, त्यांची प्रतिकारशक्ती खाली येते आणि फुप्फुसात बुरशी धरायला वाट मिळते. जखम बधिर करणारी मलमं आणि पाणी न मिसळलेलं डेटॉल, हेही नाही.

डॉक्टर भेटेपर्यंत करण्यासारखं एवढंच आहे: मेडिकलमधली नॉर्मल सलाईनची बाटली आणा. नसेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, मोजून. पक्षी टॉवेलमध्ये सैलसर धरा, छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड वर-खाली झालं नाही तर श्वासच थांबतो. एकाने धरायचं, दुसऱ्याने तळवा दोन-तीन मिनिटं भिजवून गॉजने टिपायचा. मग १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे फिक्या कोऱ्या चहासारखा रंग येईल, ते हलकेच लावून पुन्हा टिपून काढायचं. दिवसातून एकदा-दोनदा, त्याहून जास्त नाही. धरल्या जाण्याची भीतीही पक्ष्याला थकवते. पिंजऱ्याच्या तळाला पांढरा कागद घाला आणि रोज बदला. रक्ताचा थेंब पडला तर लगेच दिसेल. वाट्या आणि दांडी खाली आणा.

"घट्ट पट्टी बांधा." नका बांधू. बोटाचा रक्तपुरवठा अडला तर बोट आधी गार पडतं, मग काळं, आणि मग गळून जातं. पट्टी लागत असेल तर ती डॉक्टर बांधतील आणि कधी बदलायची ते सांगतील.

"५०० ची गोळी चिमूटभर पाण्यात." ५०० मिलिग्रॅमची गोळी ६० किलोच्या माणसासाठी आहे. कंठवाला पोपट भरतो साधारण १२० ग्रॅम, म्हणजे वजन पाचशेपट कमी. चिमटीत किती आलं, वाटीत किती विरघळलं, त्यातलं पक्षी किती प्यायला, यातलं काहीच मोजलेलं नाही. पाणी कडू झालं की पोपट ते प्यायचंच सोडतो आणि मग आजारापेक्षा तहानेचं संकट मोठं होतं. कमी मात्रेत अर्धवट दिलेलं औषध जंतूंना मारत नाही, त्यांना त्या औषधाची सवय करतं. मग पुढे खरं औषध द्यायची वेळ येते तेव्हा ते चालत नाही. नेमकं कोणतं औषध लागेल ते जखमेतला नमुना तपासून ठरतं, आणि मात्रा ग्रॅममध्ये घेतलेल्या वजनावरून.

वेदनाशामकांचंही तेच. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने त्यांची कलेवरं खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसाला आणि गुरांना चालणारी गोळी पक्ष्याला चालेल, असं गृहीत धरायला यानंतर जागा नाही.

मेसेज आणखी एक गोष्ट गृहीत धरतो: फोड दिसला म्हणजे संसर्गच. सांध्यांवर पांढरट-पिवळे टणक मणी दिसत असतील तर तो गाऊट असू शकतो, म्हणजे दुखणं मूत्रपिंडाचं. ते मणी फोडले तर भळाभळा रक्त येतं. बजरीगरच्या पायावर आणि चोचीच्या मुळाशी चुन्यासारखा भुरभुरीत थर असेल तर ते बारीक किड्यांचं काम, त्याचं औषध वेगळं. बोट मुळाशी आवळल्यासारखं सुजलं असेल तर भिंगातून बघा. खेळण्याच्या दोरीचा धागा किंवा संक्रांतीतला मांजा रुतलेला सापडतो. पायातली कडी सुजेत अडकली असेल तर घरच्या पक्कडीने तोडू नका, पायाचं हाड काडीसारखं मोडतं.

"सात दिवसांत ठणठणीत." नुसती लाली असेल तर दांडी आणि खाणं बदलल्यावर काही आठवड्यांत उतरते. खपली आणि सूज असेल तर त्याहून खूप जास्त वेळ लागतो. त्या काळात दुसरा तळवाही रोज बघा, कारण दुखरा पाय वर धरून पक्षी सगळा भार चांगल्या पायावर टाकतो आणि मग तोही जातो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. १२० ग्रॅमचा पक्षी १०८ वर आला, पिसं फुगवून तळाशी बसला, खाणं सोडलं, बोट काळं किंवा गार पडलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही तिथेच. जाण्याआधी फोन करून पक्षी तपासणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात पक्ष्यांची सवय असतेच असं नाही. खोक्यात तळाला टॉवेल अंथरा, दांडी लावू नका, झाकण अर्धवट झाका आणि टॅक्सीत एसीचा झोत अंगावर घेऊ नका. दांडीचे आणि ताज्या विष्ठेचे फोटो, खाण्याची यादी आणि वजनाची वही सोबत न्या.

देशी पोपट, कंठवाला असो की मोठा पहाडी, पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. मांज्याने पाय कापलेला असा पक्षी गच्चीत सापडला तर त्याला पिंजऱ्यात ठेवून हळद लावत बसू नका. हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, पाणी चोचीत ओतू नका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.